‘पडल’ : चिखल तुडवणाऱ्यांचे क्रियापद

पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या डबक्याला इंग्रजीत ‘पडल’ म्हणतात, हे आज बालवर्गातील मूलही सांगू शकेल. ‘पेपा पिग’ या ब्रिटिश कार्टून मालिकेतील छोट्या नायिकेने चिखलाच्या डबक्यात उड्या मारण्याचा छंद जगभरच्या मुलांना लावला आणि त्याबरोबर हा शब्दही घरोघरी पोहोचला. ही झाली नामाची गोष्ट. क्रियापदाची गोष्ट वेगळी आहे. कालवा ‘पडल’ केला, लोखंड ‘पडल’ केले, रोपांची मुळे ‘पडल’ केली, भाताचे शेत ‘पडल’ केले, अशी वाक्ये इंग्रजी ग्रंथांत भेटतात तेव्हा ‘डबके’ हा अर्थ मनात धरून चालणारा वाचक अडखळतो. लहान शब्दकोश उघडला तर ‘गढूळ करणे’ किंवा ‘चिखल करणे’ एवढेच उत्तर मिळते. लोखंडाचा चिखल कसा करायचा आणि पाण्याने भरायचा कालवा मुद्दाम चिखलाने कशासाठी लिंपायचा, हे प्रश्न तसेच राहतात.

या प्रश्नांची उत्तरे कोशात कमी आणि कामाच्या जागी अधिक सापडतात. कालवे खणणारे मजूर, भट्टीसमोर उभे राहणारे लोहकामगार आणि सोन्याच्या शोधात माती धुणारे खाणकामगार यांनी हे क्रियापद घडवले. महाराष्ट्रातील भातशेतीशीही त्याचे थेट नाते आहे. त्याच्या एका अर्थासाठी मराठीत नेमका आणि रुळलेला शब्द आहे.

नेमका अर्थ

इंग्रजीत चिखलाशी संबंधित क्रियापदांची उणीव नाही. ‘मायर’ म्हणजे चिखलात रुतणे किंवा रुतवणे. ‘बिमायर’ म्हणजे चिखलाने बरबटणे. ‘वॉलो’ म्हणजे म्हशीसारखे चिखलात लोळणे. अंडे शिजवण्याशी संबंधित म्हणून परिचित असलेल्या ‘पोच’ या शब्दाचाही एक अर्थ गुरांच्या खुरांनी ओली जमीन तुडवली जाऊन तिचा चिखल होणे असा आहे. या सर्व शब्दांत चिखल ही एक तर आपत्ती असते, नाही तर चैन.

‘पडल’चे वेगळेपण असे, की त्याच्या तांत्रिक अर्थांत चिखल हेतुपूर्वक केला जातो. ओली चिकणमाती पाण्याबरोबर कापणे, कालवणे, तुडवणे आणि तिची रचना मोडून पाणी न झिरपणारा एकजीव लगदा तयार करणे, हा त्याचा मुख्य तांत्रिक अर्थ होय. अशा लगद्यालाही नाम म्हणून ‘पडल’च म्हणतात. म्हणजे एकच शब्द पाणी साचलेल्या खड्ड्यालाही लागतो आणि पाण्याला अडवणाऱ्या मातीलाही.

उच्चाराबाबत एक खुलासा आवश्यक आहे. वल्हे या अर्थाचा ‘पॅडल’ हा निराळा शब्द आहे. उथळ पाण्यात अनवाणी चालण्यालाही ‘पॅडल’ म्हणत असल्याने दोहोंची गल्लत होते. परंतु त्यांचे मूळ एक मानले जात नाही.

खाचेतून आलेला शब्द

शब्दाचे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘पड’ या शब्दात सापडते. त्याचा अर्थ चर किंवा नांगराची तास. त्याला लघुत्ववाचक प्रत्यय लागून मध्ययुगीन इंग्रजीत ‘पोडेल’ असे रूप झाले. छोटा चर, त्यात साचलेले पाणी आणि पुढे कोणतेही छोटे डबके, असा अर्थाचा प्रवास झाला. नाम म्हणून हा शब्द चौदाव्या शतकात स्थिरावलेला दिसतो. क्रियापद त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, पंधराव्या शतकाच्या मध्यास आढळते. त्या वेळी त्याचा अर्थ पाण्यात किंवा चिखलात हातपाय मारणे, चिखल ढवळणे इतकाच होता.

जर्मन भाषाकुलात या शब्दाची भावंडे आहेत. जर्मनमध्ये ‘पुडेल्न’ म्हणजे पाण्यात डुंबणे, पाणी उडवणे. पाण्यात शिरून शिकार परत आणणाऱ्या कुत्र्याला ‘पुडेलहुंड’ म्हणत. त्याचेच इंग्रजी रूप म्हणजे ‘पूडल’. आज केसांची सजावट करून मिरवला जाणारा हा कुत्रा मुळात डबक्यात आणि तळ्यात उतरणारा गडी होता, याची आठवण त्याच्या नावाने जपली आहे.

क्रियापदाला लवकरच लाक्षणिक अर्थही मिळाला. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात डेस्डिमोना पतीच्या बदललेल्या वागण्याचे कारण शोधताना हेच क्रियापद वापरते. राज्यकारभारातील एखाद्या काळजीने त्याचे स्वच्छ मन गढूळ झाले असावे, असा तिचा तर्क असतो. प्रेक्षकाला मात्र खरे कारण ठाऊक असते. मन ढवळून गढूळ करणारा इयागो तिच्या दृष्टीच्या पलीकडे उभा आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘झुंझारराव’मुळे ही कथा मराठी रंगभूमीला परिचित झाली. मन ‘गढूळ’ होणे हा प्रयोग मराठीतही सहज असल्याने हा अर्थ आपल्याला परका वाटत नाही. चिखल आणि गैरसमज यांची सांगड दोन्ही भाषांनी घातली आहे. निवडणुकीच्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांना ‘चिखलफेक’ या शब्दावाचून चालत नाही आणि मुंबईच्या बोलीत ‘राडा’ म्हणजे चिखल नव्हे, हाणामारी.

अठराव्या शतकापर्यंत या क्रियापदाची धाव एवढीच होती. त्यानंतर ते कामाला लागले.

कालव्याच्या तळाशी

इंग्लंडमधील वर्स्ली येथे ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर यांच्या मालकीच्या कोळसा खाणी होत्या. कोळसा मँचेस्टरला स्वस्तात पोहोचवण्यासाठी त्यांनी कालवा बांधण्याचे ठरवले. संसदेची पहिली अनुमती १७५९ मध्ये मिळाली आणि १७६१ मध्ये बार्टन येथे अर्वेल नदीवर उभारलेल्या जलसेतूवरून कोळशाच्या होड्या जाऊ लागल्या. नदीच्या वर सुमारे चाळीस फूट उंचीवरून दुसरा जलप्रवाह जातो आणि त्यावरून होड्या जातात, हे दृश्य पाहण्यासाठी त्या काळी दूरदूरचे लोक येत. या कामाचा अभियंता होता जेम्स ब्रिंडली (१७१६ ते १७७२). यंत्रदुरुस्तीच्या कामातून वर आलेल्या या माणसाचे लिहिणे-वाचणे बेताचेच होते.

कालव्याची मुख्य अडचण खोदकामाची नव्हती. खणलेल्या चरात पाणी सोडले की ते जमिनीत मुरते. वाळूच्या किंवा भेगाळ खडकाच्या प्रदेशात तर कालवा भरणे अशक्यच. ब्रिंडलीने यावर जो उपाय मोठ्या प्रमाणात वापरला तो म्हणजे ‘पडल’ केलेल्या मातीचे अस्तर. ही युक्ती त्यानेच प्रथम शोधली असे म्हणता येणार नाही. मात्र ती कालवेबांधणीचा नियम बनली ती त्याच्या कामामुळे. संसदेच्या समितीसमोर साक्ष देताना त्याने ओली माती मागवली, तिथेच ती मळून तिची पन्हळ केली आणि तीत पाणी ओतून ते झिरपत नसल्याचे सदस्यांना दाखवले, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिचा तपशील कितपत खरा हे बाजूला ठेवले तरी तिच्यातील प्रयोग अचूक आहे.

कृती साधी, पण कष्टाची होती. चिकणमातीत थोडी वाळू किंवा बारीक खडी मिसळायची. पाणी घालून फावड्याने ती पुन्हा पुन्हा कापायची. मग काही इंच जाडीचा थर पसरून जड बुटांच्या टाचांनी तो तुडवायचा. तो खालच्या थराशी एकजीव झाला की वर दुसरा थर. असे करत तळाशी आणि बाजूंना दोन-तीन फुटांचे अस्तर तयार होई. काही ठिकाणी नव्या कालव्यातून गुरांचे कळप हाकलले जात. खुरांखाली माती उत्तम तुडवली जाई आणि मजुरीही वाचे.

हे काम करणाऱ्या मजुरांना ‘नॅव्ही’ म्हणत. आरमाराशी या शब्दाचा संबंध नाही. कालव्यांना त्या काळी ‘नॅव्हिगेशन’ म्हणत, म्हणून ते खणणारे ‘नॅव्हिगेटर’ आणि त्याचे संक्षिप्त रूप ‘नॅव्ही’. पुढे रेल्वेमार्ग बांधणारे मजूरही याच नावाने ओळखले गेले.

चिखल पाणी कसे अडवतो?

वरवर पाहता ही गोष्ट विपरीत वाटते. पाण्याने भिजलेली माती पाणी कशी अडवणार?

शेतातील चांगली माती सलग नसते. तिचे कण एकमेकांना चिकटून रवाळ ढेकळे बनतात आणि ढेकळांच्या दरम्यान पोकळ्या राहतात. पाणी खाली जाते ते या पोकळ्यांतून. चिकणमातीचे मूळ कण तर अतिसूक्ष्म, एका मिलिमीटरच्या दोन हजारांश भागाहूनही लहान आणि बहुतांशी चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. माती ओली असताना तुडवली की ढेकळे मोडतात, पापुद्रे सुटे होऊन परस्परांवर सरकतात आणि मोठ्या पोकळ्या बुजतात. शिल्लक राहिलेल्या सूक्ष्म फटींत पाणी धरून ठेवले जाते. ते वाहू शकत नाही. स्वयंपाकघरातील अनुभव याच जातीचा आहे. कोरड्या पिठावर पाणी ओतले तर ते जिरते. तिंबलेल्या कणकेच्या गोळ्यावर ओतले तर ओघळून जाते.

या लगद्याचा एक दोषही आहे. तो ओला आहे तोवरच अभेद्य असतो. सुकला की आकसतो आणि त्याला भेगा पडतात. म्हणून कालव्याच्या अस्तरावर साध्या मातीचा थर दिला जाई आणि कालवा फार काळ कोरडा ठेवणे टाळले जाई. ब्रिटनमधील जुन्या कालव्यांच्या दुरुस्तीत आजही ही माती वापरली जाते.

धरणाचा गाभा आणि शेफील्डची रात्र

कालव्यांनंतर हे तंत्र धरणांत आले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील वाढत्या औद्योगिक शहरांना पाणी पुरवण्यासाठी मातीची अनेक धरणे बांधली गेली. त्यांच्या मधोमध, पायापासून माथ्यापर्यंत, तुडवलेल्या मातीची उभी भिंत असे. बाहेरचा भराव तिला आधार देई आणि पाणी अडवण्याचे काम ही भिंत करी. मातीच्या धरणाच्या या अंतर्भागाला मराठीत ‘गाभा’ म्हणतात.

चिखलाच्या भिंतीवर एवढा भार टाकण्याची जोखीम किती मोठी होती, हे ११ मार्च १८६४ च्या रात्री दिसले. शेफील्डजवळील डेल डाइक हे नवे धरण पहिल्यांदाच भरत असताना फुटले आणि दरीतून शहरापर्यंत आलेल्या लोंढ्यात किमान २४० माणसे मृत्युमुखी पडली. कारणांविषयी अभियंत्यांत तीव्र मतभेद झाले. कोणी भरावाखालून नेलेल्या नळांना दोष दिला, तर कोणी जमीन खचल्याचे सांगितले. विसाव्या शतकात झालेल्या फेरतपासणीत गाभ्याच्या मातीला गेलेल्या भेगेकडे लक्ष वेधण्यात आले. आजूबाजूचा भराव खचला आणि गाभा त्यावर अडकून राहिला तर त्याच्यातील दाब कमी होतो. मग धरणातील पाणीच त्याला फाडू शकते. धरण फुटणे म्हणजे काय हे १२ जुलै १९६१ च्या पानशेतनंतर पुणेकरांना वेगळे सांगावे लागत नाही. दोन्ही दुर्घटनांची तांत्रिक कारणे भिन्न होती; पण भरावाच्या पोटात काय घडते आहे हे बाहेरून दिसत नाही, ही अडचण सगळ्याच मातीच्या धरणांची आहे. आधुनिक धरणांत गाभ्याची माती विशिष्ट ओलाव्यावर यंत्राने दाबून बसवतात आणि तिच्या बाजूला गाळणथर देतात. बुटांच्या टाचांची जागा रोलरने घेतली.

लोखंडाचा ‘चिखल’

आता या शब्दाचे सर्वांत बुचकळ्यात टाकणारे रूप. हेन्री कोर्ट या इंग्रज लोहउत्पादकाने १७८४ मध्ये ‘पडलिंग’ पद्धतीचे पेटंट घेतले. झोतभट्टीतून निघणाऱ्या कच्च्या, म्हणजे बिडाच्या लोखंडात सुमारे चार टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते ठिसूळ राहते, घणाखाली तुटते. कार्बन काढून टाकला तर ते घडण्याजोगे, चिवट बनते. लाकडी कोळशावर हे काम पूर्वीपासून होत असे. पण जंगले आटत चालली होती आणि दगडी कोळसा लोखंडाच्या संपर्कात आला की त्यातील गंधक लोखंड बिघडवी.

कोर्टच्या भट्टीत जळता कोळसा एका बाजूला आणि लोखंड दुसऱ्या बाजूला असे. मधल्या बुटक्या भिंतीवरून ज्वाला छतावर आपटून लोखंडावर येत. वितळलेल्या लोखंडाच्या या थारोळ्यात कामगार लांब सळई घालून ते सतत ढवळत राही. हवेशी संपर्क येऊन कार्बन जळून जाई. चिखल ढवळण्याच्या क्रियेशी असलेल्या साम्यामुळे तेच क्रियापद इथे आले आणि हा कामगार ‘पडलर’ झाला.

यानंतरचा भाग कौशल्याचा होता. कार्बन कमी होईल तसा लोखंडाचा वितळणबिंदू वाढतो. बीड सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळते, तर शुद्ध लोखंडाला १५३८ अंश लागतात. भट्टीत एवढे तापमान नसल्याने शुद्ध होत जाणारे लोखंड गोठू लागे आणि सळई जड होत जाई. तो लगदा नेमक्या क्षणी गोळ्यांत विभागून बाहेर काढायचा असे. क्षण ओळखायचा तो ज्वालेच्या रंगावरून आणि हाताला जाणवणाऱ्या भारावरून. यंत्राने ढवळण्याचे अनेक प्रयत्न झाले. पण या हाताची आणि डोळ्याची जागा त्यांना नीटशी घेता आली नाही. म्हणूनच ‘पडलर’ हे कामगारांतील मानकरी ठरले. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे १८५८ मध्ये त्यांनी ‘सन्स ऑफ व्हल्कन’ ही संघटना उभारली. वेल्समध्ये जन्मलेला जेम्स डेव्हिस हा अशा भट्टीवर वाढलेला कामगार १९२१ मध्ये अमेरिकेचा मजूरमंत्री झाला आणि त्याच्या आत्मचरित्राचे नावच ‘द आयर्न पडलर’ असे होते.

खुद्द कोर्टला या शोधाने सुख दिले नाही. भागीदाराच्या वडिलांनी आरमाराच्या निधीत केलेल्या अपहाराचा फटका बसून तो दिवाळखोर झाला, पेटंटही हातचे गेले आणि १८०० मध्ये त्याचा मृत्यू झाला. पद्धती मात्र पसरली. पॅरिसचा आयफेल टॉवर (१८८९) पोलादाचा आहे असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक त्याचे सुमारे ७३०० टन लोखंड ‘पडलिंग’ केलेले आहे. बेसेमरच्या पद्धतीने (१८५६) स्वस्त पोलादाचा मार्ग खुला केल्यावर या भट्ट्या हळूहळू विझत गेल्या. ब्रिटनमधील अखेरची भट्टी १९७० च्या दशकात बंद झाली.

सोने, मुळे आणि फुलपाखरे

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात सोने सापडल्यानंतर बेंडिगो परिसरात १८५४ पासून ‘पडलिंग यंत्रे’ दिसू लागली. जमिनीत गोल चर, त्यात चिकट माती आणि पाणी, आणि मध्यभागी रोवलेल्या खांबाला जोडलेली दाते ढवळत फिरणारा घोडा, अशी त्याची रचना. आपल्याकडील चुन्याची घाणी पाहिलेल्यांना ती लगेच डोळ्यांसमोर येईल. इथे हेतू उलटा होता. माती घट्ट करायची नव्हती. ती पाण्यात विरघळवून वाहून द्यायची आणि तळाशी उरलेले जड सोने उचलायचे होते.

बागकामात रोपाची मुळे लावणीपूर्वी पातळ चिखलात बुडवून काढतात, जेणेकरून ती सुकू नयेत. तीही हीच क्रिया.

निसर्गप्रेमींना या शब्दाचा आणखी एक अर्थ परिचित आहे. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर फुलपाखरांचे थवे बसलेले दिसतात. ती पाण्यासाठी आलेली असतात असे वाटते. मात्र चिखलातील क्षार, विशेषतः सोडियम, हे त्यांचे मुख्य आकर्षण असते. पानाफुलांच्या रसात ते पुरेसे मिळत नाही. थव्यात नरांची संख्या मोठी असते आणि काही जातींत हे क्षार मीलनाच्या वेळी मादीकडे व त्यातून अंड्यांकडे जातात, असे अभ्यासकांना आढळले आहे. या ‘मड-पडलिंग’ला मराठीत ‘चिखलपान’ असा सुरेख शब्द रुळला आहे. ब्लू मॉरमॉन हे फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले. त्याचे नरही असे ओल्या मातीवर उतरताना दिसतात.

चिखलणी आणि वाफसा

जगभरच्या कृषिविज्ञानात आज ‘पडलिंग’ म्हटले की प्रथम भातशेती येते. मराठीत त्याला ‘चिखलणी’ म्हणतात. इंग्रजी संज्ञा समोर ठेवून एखाद्या समितीने हा शब्द बनवलेला नाही. तो शेतातून आला आहे. कोकणात आणि मावळात खाचरात पाणी साठले की नांगर, आता बहुधा पॉवर टिलर, फिरवून मातीचा लोण्यासारखा चिखल करतात, फळी फिरवून तो समतल करतात आणि मग लावणी होते. पूर्व विदर्भात भंडारा-गोंदियाकडे खाचराला बांधी, रोपांना पऱ्हे आणि लावणीला रोवणी म्हणतात. शब्द बदलतात, चिखल तोच राहतो.

ब्रिंडलीच्या मजुरांनी टाचांनी जे साधले तेच शेतकरी बैलांच्या खुरांनी आणि नांगराच्या फाळाने साधतो. मातीची ढेकळे मोडतात, पोकळ्या बुजतात आणि पाणी खाचरात उभे राहते. कोकणात जांभ्याच्या निचऱ्याच्या जमिनीवर, धो धो पावसातही हे करावे लागते, कारण पावसाने दोन दिवस दडी मारली की पाणी निघून जाते. उभ्या पाण्यामुळे तणांना प्राणवायू मिळत नाही आणि मऊ मातीत रोपे भराभर लावता येतात. सपाट खोऱ्यांपासून डोंगरउतारापर्यंत आशियातील भातशेती या एका क्रियेवर उभी राहिली.

परंतु घाट ओलांडून देशावर आलो की हीच क्रिया अपराध ठरते. काळ्या जमिनीचा शेतकरी पाऊस पडल्याबरोबर औत घालत नाही. तो ‘वाफसा’ येण्याची वाट पाहतो. वाफसा म्हणजे मातीत पाणी आणि हवा यांचे योग्य प्रमाण असण्याची स्थिती. माती हाताला ओलसर लागते, पण औताला चिकटत नाही. त्याआधी औत घातले तर माती तुडवली जाते, सुकल्यावर दगडासारखी ढेकळे पडतात आणि मुळांना हवा मिळत नाही. इंग्लंडमधील गव्हाच्या शेतकऱ्याचा अनुभवही असाच आहे. त्याच्या भाषेत ओली चिकणमाती नांगरून ‘पडल’ होणे म्हणजे शेत बिघडणे. इंग्रजी मृदाशास्त्राच्या पुस्तकांत त्यामुळे हे क्रियापद एका पानावर मशागतीची पद्धत म्हणून, तर दुसऱ्या पानावर मातीचा दोष म्हणून येते. पीक कोणते आणि जमीन कुठली, हे पाहिल्याखेरीज त्याचा अनुवाद करता येत नाही.

भातशेतीतही चिखलणीचे मोल आता नव्याने तपासले जात आहे. वर्षानुवर्षे चिखलणी केलेल्या शेतात नांगराच्या खोलीखाली कठीण थर तयार होतो. भातानंतर घेतलेल्या पिकाची मुळे तिथे अडतात. उभ्या पाण्याखालच्या प्राणवायूविरहित चिखलात मिथेन वायू तयार होतो आणि तापमानवाढीच्या चर्चेत भातखाचरांचा उल्लेख त्यामुळेच होतो. शिवाय ऐन जुलैत नांगर आणि मजूर एकाच वेळी सगळ्यांना हवे असतात. उत्तर भारतात थेट पेरणीचा पर्याय पुढे आला आहे. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राइस टेक्निक’मध्ये गादीवाफे एकदाच तयार केले जातात आणि त्यापुढे नांगरणी, चिखलणी व लावणी या तिन्हींना फाटा दिला जातो. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात, जेणेकरून मातीची रचना टिकून राहावी. चिखलणी जे मोडते तेच ही पद्धत जपू पाहते. अर्थात तणांचा बंदोबस्त दुसऱ्या मार्गाने करावा लागतो, आणि सर्व प्रकारच्या जमिनींना एकच उत्तर लागू पडेल असेही नाही.

मराठीत काय म्हणावे?

‘पडल’ला मराठीत एकच प्रतिशब्द शोधणे व्यर्थ आहे. पाण्याबाबत किंवा मनाबाबत ‘गढूळ करणे’ योग्य. भाताच्या शेताला ‘चिखलणी करणे’. कालव्याच्या किंवा धरणाच्या मातीला ‘तुडवणे’ किंवा ‘तिंबणे’. भट्टीतील लोखंडाला ‘ढवळणे’. फुलपाखरांना ‘चिखलपान’. आणि देशावरच्या काळ्या रानात कोणी हे क्रियापद दोष म्हणून वापरले असेल, तर ‘वाफसा नसताना औत घालणे’ असे सविस्तर सांगावे लागेल.

यांपैकी बहुतेक शब्द शहरी वाचकाच्या रोजच्या वापरातून गेले आहेत. कणीक विकतची आली तसे ‘तिंबणे’ मागे पडले. पॉवर टिलर आला, उद्या चिखलणीच थांबली, तर ‘चिखलणी’ही कोशात जाऊन बसेल. ‘पडलर’ हा शब्द इंग्रजीत तसाच बसला आहे. अखेरची भट्टी विझली त्याला पन्नास वर्षे होत आली आणि बहुतेक इंग्रजी भाषकांना तो आज समजावून सांगावा लागतो. जे काम करणारे हात थांबतात, त्या कामाचे क्रियापद फार काळ बोलण्यात टिकत नाही. मराठीत चिखलणी आणि वाफसा हे दोन्ही शब्द अजून शेतावर रोज बोलले जातात. इंग्रजीत जो भेद सांगण्यासाठी परिच्छेद लिहावा लागतो, तो रायगडचा आणि सोलापूरचा शेतकरी एकेका शब्दात सांगतो.